अँड्रॉइड स्मार्टफोनची निवड आणि वापर

अँड्रॉइड स्मार्टफोन म्हणजे गूगलच्या अँड्रॉइड या संचालन प्रणालीवर चालणारा स्पर्शपटलयुक्त भ्रमणध्वनी संच होय. भारतात वापरात असलेल्या स्मार्टफोनपैकी बहुसंख्य फोन या प्रणालीवर चालतात. बँकेचे व्यवहार, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, रेल्वेचे आरक्षण, शाळेच्या सूचना आणि कौटुंबिक पत्रव्यवहार ही सर्व कामे आता याच एका उपकरणावर होतात. त्यामुळे नवा फोन निवडणे, जुन्या फोनमधील माहिती त्यात आणणे, तो सुरक्षित ठेवणे आणि शेवटी त्याची योग्य विल्हेवाट लावणे या बाबींना व्यावहारिक महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात या बाबींचा विचार मुख्यतः भारतातील परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

अँड्रॉइड इन्कॉर्पोरेटेड या कंपनीची स्थापना ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे झाली. अँडी रुबिन, रिच मायनर, निक सिअर्स आणि ख्रिस व्हाइट हे तिचे संस्थापक होत. २००५ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ओपन हँडसेट अलायन्स या उत्पादकसंघाची घोषणा झाली आणि २००८ मध्ये एचटीसी ड्रीम हा या प्रणालीवरील पहिला फोन विक्रीस आला. आरंभीच्या आवृत्त्यांना मिठाईच्या पदार्थांची नावे दिली जात. २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून ही प्रथा जाहीर नावापुरती थांबली आणि आवृत्त्या केवळ क्रमांकाने ओळखल्या जाऊ लागल्या.

अँड्रॉइडचा गाभा मुक्त स्रोत असल्यामुळे कोणताही उत्पादक त्यावर स्वतःचे आवरण चढवू शकतो. सॅमसंगचे वन यूआय, शाओमीचे हायपरओएस, ओप्पोचे कलरओएस आणि वनप्लसचे ऑक्सिजनओएस ही अशा आवरणांची उदाहरणे आहेत. म्हणून एकाच आवृत्तीचे दोन फोन दिसायला आणि वागायला पुष्कळ वेगळे असू शकतात. आधीपासून भरलेल्या ॲपची संख्या, जाहिरातवजा सूचना आणि सेटिंगची मांडणी हे सर्व आवरणावर अवलंबून असते.

भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने अँड्रॉइड वन ही योजना सुरू केली. कमी किमतीच्या फोनवरही आवरणविरहित आणि वेळेवर अद्ययावत होणारी प्रणाली मिळावी, हा तिचा उद्देश होता. कमी स्मृतीच्या फोनसाठी अँड्रॉइड गो ही हलकी आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची चौथ्या पिढीची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि स्मार्टफोनचा प्रसार ग्रामीण भागातही वेगाने झाला.

निवडीचे निकष

अद्ययावतनाचा कालावधी

फोनचे उपयुक्त आयुष्य ठरवणारा हा सर्वांत महत्त्वाचा आणि जाहिरातीत बहुधा सर्वांत कमी ठळक असणारा घटक आहे. अद्ययावतन दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात अँड्रॉइडची नवी आवृत्ती मिळते. दुसऱ्या प्रकारात केवळ सुरक्षेतील त्रुटी बुजवल्या जातात. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षा पत्रक प्रसिद्ध करते. परंतु त्यातील दुरुस्त्या फोनपर्यंत पोहोचण्यासाठी गूगल, चिपची उत्पादक कंपनी आणि फोनची उत्पादक कंपनी अशा तीन टप्प्यांतून जाव्या लागतात. यांपैकी एकाने हात आखडता घेतला तरी फोन मागे पडतो. हा अडथळा कमी करण्यासाठी २०१७ मधील आठव्या आवृत्तीत प्रोजेक्ट ट्रेबल ही रचना आणली गेली. तिच्यामुळे चिपशी निगडित भाग आणि मूळ प्रणाली परस्परांपासून वेगळ्या झाल्या.

पूर्वी दोन ते तीन वर्षे अद्ययावतन मिळणे ही सामान्य बाब होती. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनसाठी हा कालावधी अद्याप बराच कमी असतो. हा काळ बहुधा फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजला जातो, ग्राहकाने तो विकत घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणारा दीड वर्षापूर्वीचा फोन प्रत्यक्षात दीड वर्षाने कमी आयुष्याचा असतो. चार वर्षांचे अद्ययावतन असलेला वीस हजार रुपयांचा फोन वर्षाला पाच हजारांना पडतो, तर दोन वर्षांचे अद्ययावतन असलेला बारा हजारांचा फोन वर्षाला सहा हजारांना. किमतीची तुलना अशा रीतीने केल्यास स्वस्त आणि महाग या शब्दांचे अर्थ बदलतात.

स्मृती आणि साठवण

रॅम म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती स्मृती आणि साठवण म्हणजे छायाचित्रे, ॲप व कागदपत्रे ठेवण्याची कायमची जागा. विक्रेते पुष्कळदा दोहोंची सरमिसळ करतात. काही जाहिरातींत साठवणीचा थोडा भाग रॅमसारखा वापरून '८ + ८' असे आकडे दिले जातात. ही वाढीव स्मृती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते, म्हणून निवड करताना पहिलाच आकडा ग्राह्य धरणे योग्य ठरते. साठवणीच्या प्रकारानेही फरक पडतो. जुन्या पद्धतीच्या ईएमएमसी साठवणीपेक्षा यूएफएस साठवण अधिक वेगवान असते आणि फोन काही वर्षांनी संथ होण्याचे प्रमाण तिच्यामुळे कमी राहते. साठवण काठोकाठ भरली की कोणताही फोन मंदावतो. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दृश्यपटल, कॅमेरा आणि बॅटरी

दृश्यपटल मुख्यतः एलसीडी आणि ओलेड या दोन प्रकारचे असतात. ओलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यामुळे काळा रंग गडद दिसतो. उन्हातील वाचनीयता कमाल प्रखरतेवर अवलंबून असते आणि ती निट या एककात मोजतात. ६० ऐवजी ९० किंवा १२० हर्ट्झचा पटल सरकताना अधिक सुलभ भासतो, मात्र त्यासाठी वीज अधिक लागते.

कॅमेऱ्याची प्रत केवळ मेगापिक्सेलवरून ठरत नाही. संवेदकाचा आकार, भिंगाची गुणवत्ता, हात हलल्यास भरपाई करणारी प्रकाशीय स्थिरीकरणाची सोय आणि चित्रसंस्करण यांचा वाटा मोठा असतो. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचे अनेक कॅमेरे शेजारचे बिंदू एकत्र करून प्रत्यक्षात सुमारे १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात. मागील बाजूस तीन भिंगे असली तरी त्यांतील २ मेगापिक्सेलची भिंगे बहुधा शोभेपुरती असतात.

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत सांगतात. ५,००० हा आकडा आता सर्वसाधारण झाला आहे. शीघ्र प्रभारणाच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या असतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामायिक पद्धत असलेला फोन इतर चार्जरवरही बऱ्या वेगाने भरतो. काही कंपन्या खोक्यात चार्जर देत नाहीत, ही गोष्ट खरेदीपूर्वी तपासावी लागते.

जाळे आणि टिकाऊपणा

भारतात पाचव्या पिढीच्या सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. जिओने ७०० मेगाहर्ट्झ (एन२८), ३,३०० मेगाहर्ट्झ (एन७८) आणि २६ गिगाहर्ट्झ (एन२५८) या पट्ट्यांत लहरी घेतल्या व पूर्णतः स्वतंत्र रचना स्वीकारली. एअरटेलने आरंभी चौथ्या पिढीच्या जाळ्यावर आधारलेली रचना वापरली. फोन केवळ 'फाइव्ह-जी' असून भागत नाही. ग्राहकाच्या सेवादात्याचे पट्टे त्यात असावे लागतात. परदेशातून आणलेल्या फोनबाबत ही तपासणी विशेष आवश्यक असते.

पाणी व धूळ यांपासूनचे संरक्षण आयपी या निर्देशांकाने दर्शवतात. आयपी ६७ म्हणजे धूळरोधक आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित, तर आयपी ६८ मध्ये याहून कठोर कसोटी उत्पादक स्वतः जाहीर करतो. ही कसोटी नव्या फोनवर गोड्या पाण्यात घेतलेली असते. काळाच्या ओघात रबरी कडा सैल होतात आणि पाण्याने झालेली हानी सहसा वॉरंटीत बसत नाही. त्यामुळे कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील पावसाळ्यात आयपी निर्देशांक असलेला फोनही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे श्रेयस्कर ठरते.

फोनमधून निघणाऱ्या लहरींचे शरीरात होणारे शोषण सार या मूल्याने मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीमागे प्रतिकिलो १.६ वॅट इतकी आहे. पुष्कळ फोनवर *#०७# हा क्रमांक फिरवल्यास हे मूल्य दिसते.

खरेदी

मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. फोनची वॉरंटी साधारणपणे एक वर्षाची आणि चार्जरसारख्या सोबतच्या वस्तूंची सहा महिन्यांची असते. पावतीवर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असणे महत्त्वाचे आहे, कारण वॉरंटी, विमा आणि चोरीची तक्रार या तिन्ही ठिकाणी तोच मागितला जातो. *#०६# फिरवून दिसणारा क्रमांक, खोक्यावरील क्रमांक आणि पावतीवरील क्रमांक एकच आहे याची खातरजमा दुकानातच करता येते.

जुना फोन विकत घेताना तो चोरीचा अथवा बनावट तर नाही, हे पाहण्यासाठी दूरसंचार विभागाची सोय आहे. रोमन लिपीत केवायएम ही अक्षरे, त्यापुढे एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवल्यास त्या फोनची माहिती मिळते. आधीच्या मालकाने स्वतःचे गूगल खाते काढून टाकले आहे का, हेही पाहावे लागते. अँड्रॉइड ५.१ पासून असलेल्या संरक्षणामुळे खाते न काढता पुसलेला फोन पुन्हा सुरू करताना मूळ मालकाचा पासवर्ड मागतो आणि नव्या ग्राहकाच्या हाती निरुपयोगी वस्तू उरते. विक्रीविषयीच्या वादात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुन्या फोनमधून स्थलांतर

नवा फोन सुरू करताना केबल जोडून किंवा वाय-फायद्वारे संपर्क, संदेश, छायाचित्रे आणि ॲपची यादी आणता येते. मात्र काही गोष्टी आपोआप येत नाहीत.

बँकेची आणि यूपीआयची ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतात. नोंदणीच्या वेळी बँकेत दिलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड त्याच फोनमध्ये असावे लागते, कारण ॲप त्या क्रमांकावरून एक संदेश पाठवून ओळख पटवते. सिम जुन्याच फोनमध्ये राहिले असल्यास, दोन सिमपैकी चुकीचे निवडले गेल्यास किंवा संदेश पाठवण्यापुरतीही शिल्लक नसल्यास नोंदणी अडते.

व्हॉट्सॲपमधील संभाषणे गूगल ड्राइव्हवरील प्रतीतून किंवा दोन फोन जवळ ठेवून क्यूआर संकेताद्वारे आणता येतात. २०२४ पासून ही प्रत गूगल खात्याच्या १५ गिगाबाइट विनामूल्य मर्यादेत मोजली जाऊ लागली. मर्यादा भरली असेल तर नवी प्रत तयारच होत नाही आणि फोन हरवल्यावर ही गोष्ट उघडकीस येते. प्रतीला स्वतंत्र पासवर्ड लावला असेल आणि तो विस्मरणात गेला असेल तर ती कोणालाही उघडता येत नाही. या कारणांमुळे नवा फोन पूर्णपणे मार्गी लागेपर्यंत, निदान आठवडाभर, जुना फोन पुसू नये असा संकेत आहे.

मराठीचा वापर

अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे तुटत. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीपासून संपूर्ण प्रणाली मराठीत वापरण्याची सोय झाली. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता येणे अपेक्षित आहे. तसेच इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत टंकन करता येणेही अपेक्षित आहे.

टंकनासाठी गूगलच्या जीबोर्डवर देवनागरी कळफलक, रोमन अक्षरांतून लिप्यंतर, बोटाने लिहिणे आणि बोलून लिहिणे असे चार मार्ग उपलब्ध आहेत. मराठीत बोलून लिहिण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या स्वरचक्र या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती स्वरांचे वर्तुळ उमटते; बाराखडी शिकलेल्या व्यक्तीला ही रचना चटकन उमगते.

कळफलक निवडताना मराठीच्या स्वतःच्या गरजा पाहाव्या लागतात. हिंदीचा कळफलक वापरल्यास ळ शोधावा लागतो आणि ॲ मिळेलच असे नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. रफार आणि अर्धा ऱ यांतील भेदही महत्त्वाचा आहे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ऱ हे अक्षर नसलेल्या कळफलकावर हे शब्द वेगळे लिहिताच येत नाहीत. लिप्यंतराच्या पद्धतीत सुचवलेला पहिला शब्द न वाचता स्वीकारल्याने ऱ्हस्वदीर्घाच्या चुका रूढ होतात.

सुरक्षितता

फोनवरील फसवणुकीचे बहुतेक प्रकार यंत्रातील दोषापेक्षा माणसाच्या घाईवर किंवा भीतीवर आधारलेले असतात. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा वीजबिलाची सूचना अशा बहाण्याने संदेशातून एपीके धारिका पाठवली जाते. ती उघडून बसवल्यास फोनवरील संदेश वाचण्याचे अधिकार तिला मिळतात आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोरले जातात. म्हणून ॲप केवळ प्ले स्टोअरमधून घेणे आणि अनोळखी स्रोतांना परवानगी न देणे हा पहिला नियम मानला जातो. पटल दुसऱ्यास दाखवणारी ॲप अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून बसवणे तितकेच धोक्याचे असते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. दृश्यसंवादावरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. 'डिजिटल अरेस्ट' या नावाने येणारे फोन फसवणुकीचेच असतात.

फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ कळवणे आवश्यक असते. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. त्यामुळे संकोचापोटी घरच्यांपासून गोष्ट लपवण्यात गेलेला वेळ सर्वांत महागात पडतो.

फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथी या संकेतस्थळावरून त्याचा आयएमईआय क्रमांक देशभर बंद करता येतो. या व्यवस्थेचा प्रायोगिक प्रारंभ २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला आणि १६ मे २०२३ रोजी संचार साथी संकेतस्थळ देशभरासाठी खुले झाले. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही तेथे पाहता येते.

ज्येष्ठ नागरिक आणि स्मार्टफोन

नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांना अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळून हयातीचा दाखला घरबसल्या सादर करता येतो. बोटांचे ठसे पुसट झालेल्या वृद्धांना या सोयीचा विशेष उपयोग झाला. दाखला स्वीकारला न गेल्यास निवृत्तिवेतन थांबू शकते, म्हणून अशा व्यक्तीच्या फोनचा पुढील कॅमेरा चांगला असणे आणि प्रणाली फार जुनी नसणे यांना केवळ हौसेपलीकडचे महत्त्व आहे.

अक्षरांचा आकार वाढवणे, पटलाचा काही भाग मोठा करून पाहणे, टॉकबॅकद्वारे मजकूर ऐकणे या सोयी सेटिंगमधील सुलभता या विभागात असतात. पटल बंद असतानाही दिसेल अशी रक्तगट, औषधे आणि नातेवाइकांचे क्रमांक यांची नोंद करता येते. ११२ हा आणीबाणीचा एकत्रित क्रमांक आहे. नव्या फोनवर चिन्हांची जागा बदलल्याने होणारा गोंधळ टाळण्यासाठी पहिल्याच दिवशी जुन्या फोनसारखी मांडणी करून देणे उपयुक्त ठरते. मात्र पिन आणि पासवर्ड कुटुंबीयांनी परस्पर ठरवल्यास वापरकर्ता कायम परावलंबी राहतो.

देखभाल आणि विल्हेवाट

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरागणिक घटत जाते आणि उष्णतेमुळे ही घट वाढते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत फोन ठेवणे, उशीखाली ठेवून तो चार्ज करणे आणि सदैव शंभर टक्क्यांवर ठेवणे यांनी बॅटरीचे आयुष्य घटते. प्रभारण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. मागचे झाकण फुगलेले दिसल्यास फोनचा वापर लगेच थांबवावा लागतो. अशी बॅटरी दाबणे किंवा टोचणे आगीस कारण होऊ शकते. अद्ययावतन चालू असलेल्या फोनची बॅटरी बदलून घेणे हा नव्या खरेदीपेक्षा बहुधा कमी खर्चाचा मार्ग असतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बॅटरीने ८०० प्रभारण आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता राखणे बंधनकारक आहे.

फोन विकण्यापूर्वी किंवा देऊन टाकण्यापूर्वी माहितीची प्रत काढणे, गूगल खाते काढणे आणि फॅक्टरी रीसेट करणे हा योग्य क्रम होय. सिम आणि मेमरी कार्ड काढून घेण्याचे विस्मरण ही सर्वांत सामान्य चूक आहे. अलीकडच्या फोनमधील साठवण मुळातच कूटबद्ध असल्याने रीसेटनंतर जुनी माहिती वाचणे व्यवहारतः अशक्य होते. निकामी फोन घरच्या कचऱ्यात टाकणे अयोग्य आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये अशा उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.